मोलाची माणसे

(पॅरिशच्या पुरुष पाकमंडळाच्या सभेत, ज्युबिलीच्या भोजनाची तयारी ठरविण्याच्या प्रसंगी धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या चिटणीसांनी आम्हास आज दोन शब्द बोलण्याची विनंती केली, तेव्हा विषय कोणता असे आम्ही विचारले. "फादर, ज्युबिलीच्या जेवणाला कामाच्या बायका किती सांगायच्या एवढेच ठरवायचे आहे. तुम्ही आशीर्वाद द्या म्हणजे झाले," असे उत्तर मिळाले. आशीर्वाद आमच्याजवळ आहेच, तो कोठे जात नाही. परंतु ज्या गोष्टीला चिटणीसांनी "एवढेच" म्हटले, त्याच गोष्टीविषयी आज बोलावे असे आमच्या मनाने घेतले आहे. भाषण लांबले तर दोष त्या "एवढेच" ह्या शब्दाचा समजावा.

आपले मंडळ कसे निर्माण झाले हे येथील पुष्कळांना ठाऊक आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत कारखाने व कचेऱ्या बंद पडल्या, लोकलगाड्या थांबल्या, आणि नाशिकच्या हमरस्त्याने बायकामुले घेऊन पायी चाललेली माणसे आपण डोळ्यांनी पाहिली. तेव्हा आपल्यातील काही पुरुषांनी प्रथमच हातात झारा धरला व खिचडीचे टोप चढविले. पहिली खिचडी खाली लागली होती, दुसरीत मीठ नव्हते. तथापि ती पोहोचली. पुढे संकट सरले, पण हाताला लागलेली गोडी सरली नाही. त्यातूनच सणासुदीला, आजारी माणसांसाठी, कोणा गरिबाच्या घरच्या लग्नात स्वतः रांधून वाढणारे हे मंडळ उभे राहिले. स्वयंपाक पुरुषांनीच करावयाचा, घरच्या स्त्रियांनी त्या दिवशी चुलीकडे फिरकावयाचे नाही, हा आपला नियम. ह्या नियमाचे आम्हास कौतुक वाटते. जिने बारा महिने तेरा काळ सर्वांना वाढले, तिला वर्षातून चार दिवस कोणी पाट मांडून वाढावे ही गोष्ट लहान नव्हे.

आता आम्हास एका वहीविषयी सांगावयाचे आहे. गेल्या सणाच्या जमाखर्चाची वही परवा आम्ही पुन्हा काढून पाहिली. आपले हिशेबनीस फार काटेकोर आहेत. तेल किती, कांदे किती, मसाला कोणी दिला, गॅसच्या टाक्या किती लागल्या, एवढेच नव्हे तर कोणाची पळी हरवली व तिची किंमत किती, हे सर्व त्या वहीत आहे. मात्र ज्या तीन स्त्रियांनी सकाळपासून कांदे सोलले, तांदूळ निवडले, आणि संध्याकाळपर्यंत मागच्या अंगणात उकिडवे बसून सहाशे पानांची भांडी घासली, त्या कोठे आहेत म्हणून आम्ही शोधू लागलो. शेवटच्या पानावर त्या आम्हास सापडल्या. "किरकोळ : लिंबे, बर्फ, काड्यापेट्या, भांडीवाल्या." एकच रक्कम, एकच ओळ. आणि त्या ओळीखाली "बरोबर आहे" असे लिहून कोणी सही केली आहे म्हणाल, तर आम्हीच केली आहे.

बंधूंनो, ही आमची सही आम्हास त्या दिवशी खुपली नव्हती. ती खुपू लागली तीन आठवड्यांनी. त्या सणाच्या दिवशी भात वेळताना मोठ्या टोपातील कढत पेज त्या तिघींपैकी एकीच्या पायावर सांडली. त्या वेळी आम्ही पुढील बाजूस मंडपात पाहुण्यांचे आभार मानीत होतो. कोणी तिच्या पायाला दात घासण्याची पेस्ट लावली. भाजण्यावर ती लावू नये, पाय वाहत्या गार पाण्याखाली पुष्कळ वेळ धरावा व दवाखाना गाठावा, हे तेथे कोणासच सुचले नाही. ती तशीच लंगडत स्टेशनावर गेली व कसाऱ्याच्या गाडीत बसून घरी गेली. आठ दिवस तिला उठवेना. ती चार घरी कामाला जात असे. त्या चारी घरी आठ दिवसांचे खाडे पडले, आणि एका घराने तर तेवढ्यात दुसरी बाई ठेवली. हे आम्हास कळले केव्हा, तर तिच्या शेजारणीने एका रविवारी फाटकापाशी थांबून सांगितले तेव्हा. तोपर्यंत तिची चौकशी आपल्यापैकी कोणी केली नव्हती. कोण करणार? तिचे नाव, पत्ता, टेलिफोन काहीच आपल्या वहीत नव्हते. "किरकोळ" ह्या नावाने कोणाच्या घरी जाता येत नाही.

ह्यात केवळ तुमचा दोष काढावा इतके आम्ही निर्दोष नाही. ज्या सेमिनरीत आम्ही शिकलो तेथेही सर्व पुरुषच होतो. पहाटेच्या प्रार्थनेपासून रात्रीच्या मौनापर्यंत तेथे सर्वकाही वेळेवर चाले, आणि भोजनाची घंटा झाली की ताट तयार असे. ते ताट कोण तयार करतो, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या किंवा ईश्वरविद्येच्या कोणत्याही परीक्षेत आम्हास घातला गेला नाही. मुख्य आचाऱ्याला सर्व ओळखीत. त्याच्या हाताखाली एक गृहस्थ होते, चाळिशी उलटलेले, डोक्यावरील केस विरळ झालेले. त्यांना सर्वजण "पोऱ्या" म्हणत. आम्हीही म्हणत असू. दीक्षेनंतर काही वर्षांनी आम्ही तेथे गेलो, तेव्हा ते वारल्याचे कळले. त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करावी असे मनात आले, आणि वेदीपाशी उभे राहिल्यावर ध्यानात आले की, ज्याच्या हातचे अन्न आम्ही सात वर्षे खाल्ले त्या मनुष्याचे नाव आम्हास ठाऊक नाही. देवाला ठाऊक होते, तेवढ्यावर ती मिस्सा झाली. हे सांगताना आजही आम्हास बरे वाटत नाही.

आपल्यातील एका उत्साही सभासदाने मागच्या सभेत असे सांगितले की, पुरुषांनी पुरुषांसाठी चालविलेले असे स्वयंपाकाचे मंडळ जगात आपणच प्रथम काढले. अभिमान चांगला, पण हा टिकावयाचा नाही. स्पेन देशाच्या उत्तरेस बास्क लोकांचा मुलूख आहे. संत इग्नेशियस लोयोला त्याच भूमीतले, आणि वसईस ज्यांचे पाय लागले ते संत फ्रान्सिस झेवियरही जवळच्याच नवारातले. तेथील सान सेबास्तियन शहरात अशी मंडळे एकोणिसाव्या शतकापासून आहेत. ‘उनिओन आर्तेसाना’ नावाचे मंडळ १८७० सालचे, ‘गास्तेलुबिदे’ १९३४ सालचे. ह्या प्रकारच्या जागेस तेथील भाषेत "चोको" असेही म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ "कोपरा", म्हणजे घरगुती ऊबेची जागा. सभासद स्वतः मासळी आणतात, स्वतः रांधतात, मित्रांना वाढतात. कोठारातून तेल, मद्य किंवा आणखी काही घेतले तर ज्याने त्याने आपल्या हाताने चिठ्ठीवर लिहून पैसे ठेवावयाचे. पहारा नाही, विश्वासाचा व्यवहार. स्त्रियांना पिढ्यान् पिढ्या त्या स्वयंपाकघरात मज्जाव होता. अलीकडे पुष्कळ मंडळांनी तो नियम सैल केला आहे, काहींनी मोडला आहे.

इतके ऐकून आपल्या सभासदांना आनंद झाला असेल. परंतु पुढील गोष्टही ऐका. जेवण आटोपल्यावर हे बल्लव घरी जातात, आणि भांडी व फरशी पगारी माणसे मागाहून स्वच्छ करतात, अशी तेथे पुष्कळ ठिकाणी वहिवाट आहे. ही माणसे पुष्कळदा स्त्रियाच असत. म्हणजे रांधण्यासाठी ज्या दारातून स्त्रीला आत येता येत नव्हते, त्याच दारातून घासण्यासाठी मात्र तिला येता येत होते! आपली वही व त्यांची चिठ्ठी आम्ही मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिली. तेलाचा थेंब दोन्हीकडे लिहिलेला आहे.

आपल्या धर्मसभेत पुरुषांचे स्वयंपाकघर ह्याहून कितीतरी जुने आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट ह्यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिचे पस्तिसावे प्रकरण स्वयंपाकघरातील सेवेविषयी आहे. तेथे मोलाचे माणूस ठेवण्याची सोय नाही. आठवड्या-आठवड्याने प्रत्येकाची पाळी, आणि आजारी किंवा अत्यावश्यक कामात गुंतलेला सोडून कोणासही त्यातून सुटका नाही. आठवडा संपला की पाळी उतरणाऱ्याने हातपाय पुसण्याची वस्त्रे धुवावयाची, सर्वांचे पाय धुवावयाचे, आणि भांडी जशी घेतली तशी स्वच्छ करून कोठाऱ्याच्या हवाली करावयाची. आणखी एक बारीक गोष्ट त्या थोर संताने लिहून ठेवली आहे, जी आम्हास फार आवडते. जे वाढणारे आहेत त्यांना भोजनाच्या आधी, नेमल्या वाट्याहून निराळे, थोडे पेय व भाकरी द्यावी, म्हणजे पुढे बंधूंना वाढताना त्यांच्या मनात कुरकुर राहणार नाही. पोट रिकामे ठेवून दुसऱ्याच्या ताटात वाढणे किती कठीण असते हे त्यांनी ओळखले होते. आपल्या अंगणातील त्या तिघी मागच्या वेळी जेवल्या केव्हा, हे कोणास आठवते काय? आम्ही विचारले तेव्हा एकाने सांगितले, "साडेचारला, जे उरले होते ते." त्यातही सोरपोतेलच अधिक उरले होते, आणि दोघी डुकराचे मांस खात नाहीत. त्यांनी भात व लोणचे खाल्ले.

येथे कोणी मनात म्हणेल की, फादर आम्हास फारच टोचून बोलत आहेत, जणू काही आम्ही जमीनदारच. नाही, बंधूंनो. आपण जमीनदार नव्हतो, आणि ह्याच गोष्टीचे आम्हास अधिक नवल वाटते. आपण कोणाची लेकरे आहोत? गोव्याहून मुंबईस आलेले पुरुष धोबीतलावास, माझगावास गावोगावच्या कुडांत राहत. कूड म्हणजे पुरुषांचीच वसती. भिंतीशी ज्याची त्याची पेटी, एका बाजूस वेदी, संध्याकाळी एकत्र रोझरी. तेथे उतरणाऱ्यांपैकी कितीतरी जण बोटीवर कूक व स्टुअर्ड म्हणून जात. कप्तानाच्या मेजावर जे रांधलेले येई ते ह्यांच्या हातचे, आणि खाली भट्टीसारख्या उकाड्यात उभे राहावयाचे तेही ह्यांनीच. साहेबांच्या बंगल्यांतून बटलर व बबर्ची म्हणून आपल्या ख्रिस्ती माणसांनी आयुष्ये काढली. ह्या कल्याण जंक्शनचेच पाहा. रेल्वेच्या रनिंग रूममध्ये ड्रायव्हर व गार्ड थकून येत, स्वतःजवळचा शिधा तेथील कूकच्या हाती देत व झोपी जात. उठल्यावर जेवण तयार असे. त्या शिध्याचे जेवण करणाऱ्यांचे नातू आज ह्या सभेत बसलेले आम्हास दिसत आहेत. म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातील चाकरी ही आपल्याला ऐकीव गोष्ट नाही. पगार महिनाअखेर अडवून धरला म्हणजे घरी काय होते, "अरे बॉय" अशी हाक पन्नाशीच्या माणसाला कशी लागते, हे आपल्या आजोबांनी आपल्याला सांगितलेले आहे. विसरलो असलो तर आपणच.

आपल्या स्त्रियांनाही ह्यातून आम्ही अगदी सोडणार नाही. ठाण्याकडच्या जुन्या ईस्ट इंडियन घराण्यांत उन्हाळ्यात बाटलीचा मसाला होतो. मिरच्या उन्हात वाळवावयाच्या, विसाहून अधिक जिन्नस निवडून भाजावयाचे, मग लाकडी उखळात मुसळांनी कांडून गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरावयाचे. हे कांडप करण्यास घरोघर मोलाच्या स्त्रिया येत. नाकातोंडाला फडके बांधून, डोळ्यांतून पाणी गाळीत, तालावर मुसळे घालीत. मसाला मात्र घराण्याच्या नावाने प्रसिद्ध. "अमक्यांच्या घरचा मसाला" असे सर्व म्हणतात, कांडणारीचे नाव कोणी घेत नाही. गिरणगावातही तीच कथा, जराशी उलटी. कोकणातून व घाटावरून आलेले गिरणीकामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत, आणि शेजारची खाणावळवाली बाई दोन वेळा त्यांना जेवू घाली. कामगारांचे संप झाले, सभा झाल्या, इतिहास लिहिले गेले. ज्या बाईने संपाच्या महिन्यांतही उधारीवर भाकरी घातली तिचा वाणी व तिचा सावकार मात्र थांबत नव्हता. मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापून ह्या स्त्रियांना एकत्र केले व बँकांची कर्जे मिळवून दिली, तेव्हा कोठे रांधणे हा धंदा आहे व रांधणारी ही कामकरी आहे हे लोकांना दिसू लागले. एक वही, एक नाव, एक सही, एवढ्यापासूनच त्या कामाचा आरंभ झाला असला पाहिजे. बँक नाव विचारते.

आता दुसऱ्या एका मताचा विचार करू. हे सर्व ऐकून आपल्यातील एका तरुण सभासदाने काल संध्याकाळी आम्हास सांगितले, "फादर, मग मोलाने बायका बोलवायलाच नकोत. आपणच सर्व घासू." हे त्याचे बोलणे शुद्ध अंतःकरणाचे आहे, आणि बेनेडिक्टाच्या नियमास धरूनही आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५४१ साली लिस्बनहून हिंदुस्थानास निघाले, तेव्हा त्यांना एक चाकर बरोबर देऊ केला होता. आपले कपडे आपण धुतल्याने व आपले भांडे आपण शिजविल्याने आपला मान जाणार नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी तो नाकारला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तरी आमचे मत ह्या बाबतीत त्या तरुणाहून निराळे आहे. ज्या तीन-चार घरांत आपल्या सणाच्या दिवसाचे पैसे जातात, त्या घरांत ते शाळेच्या फीला, गॅसच्या टाकीला लागतात. आपला मान जपण्यासाठी किंवा आपले मन हलके करण्यासाठी आपण ते पैसे बंद केले, तर आपली विनयशीलता वाढेल व त्यांची चूल थंड होईल. मोल देऊन काम घेणे ह्यात पाप नाही. काम घेऊन मनुष्य नाही असे वागणे ह्यात आहे. म्हणून बायका बोलवाव्यात. पण रीतीने बोलवाव्यात.

मजुरीचा प्रश्न निघाला की आपल्याकडे एक उत्तर तयार असते, "ती कबूल झाली होती." हे उत्तर पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ सालीच खोडून काढले आहे. कामगारांच्या स्थितीवरील त्यांच्या ‘रेरुम नोवारुम’ ह्या प्रसिद्ध परिपत्रकाचा आशय असा की, मालक व मजूर ह्यांनी आपखुशीने करार केला तरी त्याहूनही जुना एक न्यायाचा नियम आहे, तो हा की, मजुरी नीटनेटक्या रीतीने राहणाऱ्या मजुराच्या पोटाला पुरणारी असली पाहिजे. गरजेपोटी जो कमी पैशाला रुकार देतो, त्याच्यावर ती एक प्रकारची जबरदस्तीच होते. आता हा नियम आपल्या अंगणात आणून पाहू. आपल्याकडे येण्यासाठी एक बाई चार घरी खाडा करते. कोठे खाड्याचे पैसे कापतात, कोठे नुसती बोलणी बसतात. वर दिवा, टिटवाळा किंवा त्याही पलीकडून येण्याजाण्याचे भाडे. आपण तिला जे देतो त्यातून हे सर्व वजा केले म्हणजे तिची खरी मजुरी निघते. मागच्या वेळची आम्ही कागदावर काढून पाहिली. तो आकडा आम्ही येथे सांगत नाही, कारण ही पुस्तिका आपल्या मुलांच्याही हाती जाईल.

ह्यावरून आम्ही असे सुचवितो की, मजुरी आदल्या आठवड्यातच स्पष्ट बोलून ठरवावी. ती खाडे व भाडे भरून निघून शिवाय दिवसाची पुरी कमाई हाती राहील इतकी असावी, आणि बाई घरी निघण्यापूर्वी ती तिच्याच हातात पडावी. "हिशेब झाल्यावर पाठवून देऊ" ही भाषा बंद. सूर्य मावळण्यापूर्वी मजुराला मजुरी द्यावी असे मोशेचे शास्त्र सांगते, आणि मोशेच्या काळी हिशेबनीस नव्हते असे आम्हास वाटत नाही. काम कोणते तेही आधी सांगावे. डुकराच्या मांसाची भांडी घासावयाची आहेत हे मुसलमान भगिनीला किंवा दुसऱ्या कोणा व्रतस्थ स्त्रीला काम सुरू झाल्यावर कळणे योग्य नाही. ती नाही म्हणाली तर ती भांडी आपण घासावी. भात वेळणे, मोठे टोप उतरविणे, तेलाची कढई हलविणे ही कामे ह्यापुढे सभासदांचीच. तळाला करपलेला टोपही ज्याने करपविला त्यानेच घासावा, हा नियम आम्ही विशेष आग्रहाने मांडतो. त्यामुळे स्वयंपाकही सुधारेल.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. मागच्या वेळी पेले विसळण्यास कोणीतरी एक तेरा वर्षांचा मुलगा आणला होता. २००६ च्या ऑक्टोबरपासून चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास व खाणावळींत ठेवण्यास बंदी झाली आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती सर्व धंद्यांना लागू झाली. तो मुलगा ह्या वेळी आपल्याकडे जेवावयास येईल, कामास नव्हे. दुसरे, २०१३ च्या कायद्याने कामाच्या जागी स्त्रियांचे लैंगिक छळापासून रक्षण करण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर घातली आहे, व घरकाम करणाऱ्या स्त्रियाही त्यात आहेत. आपले मंडळ पुरुषांचे, स्वयंपाक आटोपल्यावर काही जणांच्या हाती पेला येतो, हे आम्ही पाहत नाही असे समजू नका. पेला हाती येण्यापूर्वी कामाच्या बायका घरी गेलेल्या असल्या पाहिजेत. तिसरे, आपल्या राज्यात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. अठरा ते साठ वर्षे वयाच्या घरकामगारास त्यात नाव नोंदविता येते, व मुलांचे शिक्षण, प्रसूती, औषधोपचार इत्यादी बाबतींत साहाय्याची तरतूद त्यात आहे. नोंदणीच्या वेळी काम देणाऱ्याचा दाखला मागतात. येथे बसलेल्या किती जणांनी आपल्या घरी येणाऱ्या बाईला असा दाखला लिहून दिला आहे? हात वर करण्यास आम्ही सांगत नाही. दाखल्याचे कोरे कागद कचेरीत ठेवले आहेत, मिस्सा झाल्यावर घेऊन जावे.

ज्या भगिनीचा पाय भाजला होता तिच्या घरी आम्ही व चिटणीस दोघे गेलो होतो. औषधाचे पैसे व आठ दिवसांची मजुरी मंडळाच्या निधीतून दिली. ती घेताना ती संकोचली, आणि आम्ही अधिक संकोचलो. उशिरा दिलेले पैसे देणाऱ्याला जड जातात, घेणाऱ्यालाही. ज्युबिलीच्या कामाला याल काय, असे चिटणीसांनी विचारले. तिने लगेच हो म्हटले नाही. पाणी आणण्यास ती आत गेली, बाहेर येऊन म्हणाली, "येईन, पण फादर, मागच्या अंगणात नळाजवळ फरशी उंच करून घ्या. दिवसभर पाण्यात बसून पाय कुजतात." पंचवीस वर्षे आम्ही निरनिराळ्या पॅरिशमध्ये जेवणावळी पाहिल्या, समारंभांचे अहवाल लिहिले. नळाजवळची फरशी आमच्या ध्यानात कधी आली नव्हती. ती परवा उंच करून घेतली आहे, आणि बसण्यासाठी चार लाकडी चौरंग सुताराकडून आणले आहेत. त्याचा खर्च चर्चने केला आहे, मंडळाकडे मागणार नाही.

आता ज्युबिलीच्या दिवसाची व्यवस्था सांगतो व खाली बसतो. पाने साडेसहाशे धरली आहेत. कामाला पाच भगिनी येतील, तिघी सकाळी सहापासून दोनपर्यंत व दोघी बारापासून सहापर्यंत. म्हणजे कोणासही उजेडापासून अंधारापर्यंत बसावे लागणार नाही. त्यांच्यापैकी दोघींसाठी कोंबडीचे निराळे भांडे होईल, आणि एकीचा उपवास असल्याने तिच्यासाठी साबुदाणा भिजविला जाईल. सकाळच्या तिघी साडेअकराला, पहिली पंगत बसण्यापूर्वी, आत मेजावर जेवतील. दुपारच्या दोघी आल्याबरोबर, दुसऱ्या पंगतीत. वाढण्याचे काम त्या वेळी चिटणीसांनी आपल्याकडे घेतले आहे. हिशेबाच्या वहीत पाचही जणींची नावे, पत्ते व मजुरी निरनिराळ्या ओळींत लिहिली गेली आहेत. त्या पानावर आम्ही सही केली आहे, ह्या वेळी वाचून.

रविवारी पहाटे साडेचार वाजता मागचे दार उघडेल. कांदे दोन पोती आहेत, त्यांपैकी एक पोते सभासदांनी सहाच्या आत संपवावयाचे आहे. विळ्या मंडळाच्या तीनच आहेत, म्हणून सुऱ्या ज्याच्या त्याने घरून आणाव्या व धार लावून आणाव्या.